नावं लावणारी

गॉसपोर्टच्या कारखान्यात
पट्ट्याच्या शेवटून चौथी खुर्ची माझी.
माझ्यापाशी येईतो टीव्ही पुरा झालेला असायचा,
काचेची नळी बसलेली, तारांना डाख दिलेला,
पाठ स्क्रूंनी बंद.
फक्त कपाळ कोरं.

उजव्या हाताला चार खोकी:
फर्ग्युसन, अल्ट्रा, मार्कोनीफोन,
आणि खिडकीकडच्या खोक्यात एच.एम.व्ही.
प्रत्येक नावाच्या पाठीला दोन टोकं,
प्रत्येक कपाळाला दोन भोकं,
मधलं अंतर तेच.
अंगठ्यानं मोजलंय मी, पुन्हा पुन्हा.

फरक नव्हता असं नाही.
एच.एम.व्ही.च्या बटणांना सोनेरी कडं,
अल्ट्राचे पाय बारीक, जरा फाकलेले,
पोहायला निघालेल्या पोरीसारखे.
मार्कोनीफोनचं लाकूड एक छटा काळं,
फर्ग्युसनची जाळी तिरपी.
आत मात्र एकच पोट.
सकाळी फर्ग्युसन, चहानंतर अल्ट्रा,
पाळी सुटताना जे उरेल ते.

घरी क्लिफर्डनं एच.एम.व्ही. घेतला.
त्याच्या वडिलांकडे कुत्र्याचं चित्र असलेला ग्रामोफोन होता,
तेवढं कारण त्याला पुरलं.
चार पौंड जास्त मोजले. मी बघत होते.
पावती घडी करून त्यानं बायबलमध्ये ठेवली.

भिंतीपलीकडे मिसेस ट्रिबेक. तिचा फर्ग्युसन.
कपडे वाळत घालताना ती विचारायची,
"तुमच्याकडे काल माणसं हिरवी दिसत होती का?
आमच्याकडे नाही हो."
क्लिफर्ड आतून ओरडायचा,
"तिला सांग, आपला आवाज किती भरदार आहे!"
मी चिमटे दातांत धरून उभी.
नावं लावायचं काम माझं,
नावं ठेवायचं त्या दोघांचं.

एकदा मार्कोनीफोनचं खोकं रिकामं झालं.
फोरमन लस्टी म्हणाला, जाऊ दे तसेच, उद्या बघू.
अकरा टीव्ही बिननावाचे माझ्यासमोरून गेले.
काय सांगू, मला लाज वाटली त्यांच्याकडे बघायची,
अंघोळीत कुणाला पाहावं तशी.
मग मनात आलं,
लग्नाआधी मी पेनफोल्ड होते.
चर्चच्या वहीत एक सही, आणि हॉस्किन झाले.
पोटात काहीच हललं नव्हतं त्या दिवशी.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात आमचा टीव्ही जळाला.
खोलीभर माशाच्या डोक्यासारखा वास.
दुरुस्तीवाला नॉरिस आला, पाठ उघडली,
गाडीतून एक मोडका अल्ट्रा आणला,
त्याचा भाग काढून आमच्यात घातला.
दहा मिनिटं. एक सिगारेट.
चित्र आलं.
क्लिफर्ड गुडघ्यांवर बसून
दोन्ही पोटांत आळीपाळीनं बघत राहिला.
मला वाटलं, आता विचारणार.
इतकी वर्षं तू तिथंच बसतेस ना, बेरिल, मग बोलली का नाहीस?

तो उठला, पँट झटकली.
"बरं का नॉरिस," म्हणाला,
"अल्ट्रावाल्यांनी आपल्याकडनंच शिकलेलं दिसतंय."

नॉरिसनं माझ्याकडे पाहिलं.
मी चहा ओतला.

आता कारखाना नाही, क्लिफर्ड नाही.
टीव्ही नगरपालिकेच्या गाडीत चढवायच्या आधी
बटर लावायच्या सुरीनं मी त्याचं नाव काढून घेतलं.
बटणांच्या डब्यात आहे, दोन टोकं वाकलेली.
मिसेस ट्रिबेक नव्वदीची झाली.
अजून म्हणते, फर्ग्युसन तो फर्ग्युसन.

मी हो म्हणते.
पण खरं सांगू का,
सगळं माहीत असून, याच हातांनी लावलेलं असून,
आमच्या टीव्हीवरचा तपकिरी रंग
काहीतरी वेगळा होता.
घोड्यांच्या शर्यती लागल्या की दिसायचा.
तिच्याकडे तसे घोडे नव्हते.