दोन ते चार

डॉक्टर गिलेस्पीनं कागदावर एक वर्तुळ काढलं,
मधोमध टिंब.
"हे घड्याळ समज. तुझा डाग दोन ते चारच्या मध्ये."
मला वाटलं, दुपारची वेळ सांगतेय.
आमच्याकडे दोन ते चार म्हणजे वामकुक्षी,
कुणाच्या दाराची बेल वाजवायची नाही.

डंडीतल्या या इस्पितळाचं नाव नऊ विहिरी.
त्यातल्या एकीत वाकून पाहिलं त्यांनी,
आणि पडद्यावर मी आतून: ओली, गुलाबी.
शिरक्याचा बोळा फिरला तसा
एक कोपरा पांढरा होत गेला
दुधावर साय धरावी तसा.
नर्स म्हणाली, हवा तर हात धर.
मी धरला नाही.
मग धरला.

इंग्रजीत ती गर्भाशयाची मान.
आपल्याकडे मुख.
आणि या मुखाला आजवर
कुणी काही विचारलं नव्हतं, मीही नाही.

पत्र आलं: मध्यम बदल. कर्करोग नव्हे.
"नव्हे" मी तीनदा वाचलं,
तरी डोळे त्याच्या आधीच्या शब्दावरच जाऊन बसायचे.

एक वाट अशी: तारेचं तापलेलं वेटोळं,
भूल तेवढ्याच जागेला, नखाएवढा तुकडा,
बहुतेकींचं तिथेच मिटतं.
मात्र तुकडा खोल गेला, आणि पुढे मूल राहिलं,
तर ते वेळेआधी येण्याची भीती थोडी वाढते.
दुसरी: थांबायचं.
दर सहा महिन्यांनी वाकून पाहायचं, दोन वर्षं.
तुझ्या वयाच्या निम्म्याहून जास्त जणींचं
आपोआप माघारी जातं.

निम्म्याहून जास्त.
लॉटरीत मला कधी स्टीलचा चमचाही लागला नाही.

विजूमावशी अकोल्याहून फोनवर:
"पिशवीच काढून टाक की. मी काढली, सुटले."
पिशवी. जशी काही खुंटीला अडकवलेली,
भाजी संपली की झटकायची.
मावशी, पिशवीचं काही नाही गं,
तोंडाशी आहे, म्हटलं,
तर तिला वाटलं, दाताचं.

निषादनं दोन रकान्यांचा तक्ता केला.
रात्री दिवा घालवल्यावर विचारलं,
"हा विषाणू… कुणाकडून?"
तुझ्याकडून, माझ्याकडून,
दहा वर्षांपूर्वीच्या कुणाकडून.
तो तारीख टाकून येत नाही.
नंतर स्वयंपाकघरात तो
बराच वेळ कुकरची रिंग धूत होता.

आणि मी? मी टे नदीवरचा रेल्वेपूल तपासते.
दोरावर लोंबकळत.
पोलादाला तडा दिसला
की दोन्ही टोकांना पिवळा खडू, शेजारी तारीख.
कापायचं की थांबायचं, ते नंतर.
वरून गाड्या जात राहतात, लोक चहा पितात,
मी सही करते आणि घरी येऊन गाढ झोपते.
माझा म्हातारा मुकादम म्हणायचा,
थांबणं हेही कामच, पोरी,
पण शिडी लावून थांबायचं.

स्वतःच्या वेळी सहीला हात उठेना.
तीन आठवडे पत्र फ्रिजवर,
त्यावर भोपळ्याच्या आकाराचं चुंबक.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सांगितलं:
थांबते.
पण डंडीत राहून दांडी मारणार नाही.
हा विनोद डॉक्टरला कळण्यासारखा नव्हता.
तिनं "मे" लिहिलं, आणि म्हणाली,
"मधेच मन फिरलं तर फोन कर.
वेटोळं कुठे जात नाही."
आकड्यांनी जे केलं नव्हतं
ते या वाक्यानं केलं:
खांदे खाली आले.

बसमधून नदी दिसली, भरतीची, राखाडी.
तड्यांच्या तारखा आठवत गेले एकेक,
कुठला वाढला, कुठला तिथेच राहिला.
कोटावरूनच हात ठेवला,
पोटावर नाही, जरा खाली.
झोप, म्हटलं,
नाहीतर निघून जा, मागच्या दारानं.
मे महिन्यात येऊन
बेल वाजवीन.