गव्हात

त्यांचं खरं नाव सिग्ने.
दवाखान्याच्या रजिस्टरात तसंच आहे अजून, निळ्या शाईत.
पिंपळखुट्यात मात्र पहिल्याच आठवड्यात
त्याचं सगुणा झालं,
आणि बाईंनी त्या नावालाही ओ दिली.

साहेब तोरवाल्ड. अडुसष्टीचे.
या वयात आमच्याकडे माणसं ओसरीत बसून
सुपारी कातरतात, सुनांच्या चुका मोजतात.
हे दोघं नॉर्वेतल्या घराला कुलूप लावून
दोन वर्षांसाठी आले होते,
बाई मलमपट्टीला, साहेब पंप दुरुस्तीला.
पंप दर पंधरवड्याला बंद पडायचा.
साहेब त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलायचे,
मी टॉर्च धरायची.
माझी माय तिथे स्वयंपाकाला होती.

डिसेंबरात मेळघाटावरून वारा उतरला
तेव्हा पेटीतले लोकरीचे मोजे निघाले,
आणि गेले थेट मागच्या वॉर्डात.
"मले बोटंच नाही, बाई," किसनराव म्हणाले.
बाई म्हणाल्या, "मोजाला माहीत नाही ते."
वॉर्ड खोकेपर्यंत हसला.

झाड म्हणून आम्ही निंबाची फांदी रोवली तेलाच्या डब्यात.
बर्फ पाहिजे म्हणून पोरांनी
कुणाच्या तरी वावरातला कापूस आणून चिकटवला.
बाईंनी विचारलं, कुणाचा?
मग एकेक बोंड काढून, कचरा वेचून,
पिशवीत भरून परत पाठवला.
नाताळभर फांदी हिरवीच राहिली,
लिंबोळ्या नसलेली, जराशी कडू.

मोबाइलला रेंज फक्त मारुतीच्या पारावर.
चोवीस तारखेला संध्याकाळी दोघं तिथे बसले,
गुरवाने खाली पोतं अंथरून दिलेलं.
तिकडे दुपार, पण अंधार पडलेला,
असं साहेबांनी मला बोटांनी सूर्य बुडवून दाखवलं.
पलीकडे नात गात होती.
बाई ओठ हलवत होत्या, आवाज न काढता.
मग फोन कटला.
साहेबांनी तरी तो कानाला तसाच धरून ठेवला,
बराच वेळ,
मान डोलवत, जणू दुसरं कडवं चालू आहे.
शेंदराच्या वासात, पणतीच्या उजेडात
मी दुसरीकडे पाहिलं.

रात्री व्हरांड्यात प्रार्थना.
गावातले ख्रिस्ती बारा-पंधरा,
बाकी आम्ही, उकडलेल्या तुरीच्या शेंगांसाठी आलेले.
बाईंनी वही उघडली. आठवडाभर पाठ केलं होतं,
माय पोळ्या लाटताना दुरुस्त करायची.
तरी ऐन वेळी जीभ घसरली.
"तिने बाळाला कपड्यात गुंडाळलं
आणि गव्हात ठेवलं."

कुणीतरी शेंग सोलता सोलता थांबलं.
मायने कुजबुजून सांगितलं, गव्हाणीत.
बाईंचा चेहरा लाल झाला, कानांपर्यंत.
आता हसू येणार, असं मला वाटलं, माझंच.

तेवढ्यात मागून अंजिराबाई,
घोंगडीच्या आतून:
"बरोबर हाये वं. मीबी ठेवत जाओ.
माहा दुसरा, पोशाच्या महिन्यातला.
वाऱ्यापासून जपाले गहूच बरा.
फक्त किड्यामुंगीले पाहा लागते."
मग बाईंकडे वळून, चौकशीच्या सुरात,
"तिच्याजवळ होतं का कोनी राखाले?"

बाईंना निम्मंच कळलं असावं.
वही मिटून त्या म्हणाल्या,
"होते. मेंढपाळ."
"मंग ठीक," अंजिराबाई म्हणाली,
आणि शेंगांचं टोपलं पुढे सरकवलं.

सकाळी मी दूध द्यायला गेले तर घर उघडं, चहा गार.
दोघं मागच्या वावराच्या धुऱ्यावर होते.
गहू गुडघ्याएवढाही नव्हता, दवाने वाकलेला.
साहेब, ज्यांना खाली बसलं की उठवत नसे,
मातीत बसले होते
आणि कोपरापर्यंत हात आत घालून
बघत होते, ऊब आहे का.

बाई वर उभ्या, त्यांचा चष्मा धरून.
मी हाक मारली नाही.
पंप तेव्हा बंदच होता.