शीग

चार मापटी करवंदं.
खानापुरात, जांबोटीची गाडी थांबते तिथं
येल्लूबाई पाटी उतरवते.
वर कुंभ्याची पानं, पानांखाली काळी फळं,
रानातली ऊब अजून धरून असलेली.
मापटं पत्र्याचं. बुडाला पोचा,
कडेला शिक्का नाही.
शिक्का नाही हे मला आधी दिसतं, करवंदं मागाहून.
एकतीस वर्षं मी 'तूक मत्तु अळते' खात्यात होतो,
वजनं आणि मापं.
बाजारात शिरलो की नजर अजून
माणसाच्या तोंडाकडं न जाता भांड्याच्या बुडाकडं जाते.

ती भरते. भरलं तरी थांबत नाही.
ओंजळीनं वर रचत राहते.
एखादं घरंगळलं की उचलून परत टेकवते,
डोंगर मोडू नये म्हणून क्षणभर श्वास धरते.
"पुरे की," मी म्हटलं.
"असूदे ओ साहेब. शीग पुसून दिली
तर जाळीला तोंड कसं दाखवू?"

घरी, वडगावात, ओट्यावर इलेक्ट्रॉनिक काटा.
देठ खुडताना चीक बोटांना धरतो,
खोबरेल लावल्याशिवाय सोडत नाही.
धुवायची, पंचावर पसरायची,
टिपून कोरडी करायची, एकसुद्धा ओलं राहता कामा नये.
मग ताटात, एकमेकांना न लागता,
थंडीत सुटी सुटी गोठली पाहिजेत,
नाहीतर सगळ्यांचा मिळून एकच धोंडा होतो.

माझ्या हिशेबानं चार मापटी म्हणजे एक किलो तीनशे.
काटा म्हणाला एक किलो पाचशे चाळीस.
मी काटा शून्यावर आणला. पुन्हा ठेवलं.
पाचशे चाळीस.

एवढ्या वर्षांत कमी किती ते मी लिहिलं,
तोळ्यात, ग्रॅममध्ये, पंचासमोर, सहीनिशी.
जास्तीचा रकाना
आमच्या वहीत नव्हता.

निपाणीला एक बाई होती, चिंचा विकायची.
तिचं माप मी पट्टीनं सपाट केलं.
नियमात माप सपाटच असतं.
वरच्या चिंचा धुळीत पडल्या,
आणि राहिलेलं माप भरलं थोडं कमी.
माप जप्त केलं. पावती दिली.
ती पावतीकडं न बघता चिंचा वेचत होती.

रात्री दहाला करंट गेला, पावणेअकराला आला.
तेवढ्यात मी फ्रीजचं दार उघडू दिलं नाही कुणाला.
सकाळी ताट हलवलं तर गोट्यांसारखी वाजली.
काळ्यावर पांढरी साय, जशी काही पीठ लावलंय.

अडीचशेच्या सहा पिशव्या.
महादेवी, माझी सून, बैलहोंगलची,
चिकटपट्टीवर कानडीत लिहिते: कवळी हण्णु.
खाली मी लिहितो: करवंदं.
तारीख तिनं घातली काय, मी घातली काय, सारखीच दिसते.
आश्विनात हिमाखाली दोन्ही नावं बुजतील,
अंगठ्यानं पुसल्यावर जे आधी दिसेल ते.

चाळीस ग्रॅम उरली.
त्यातली चार नातवानं पळवली, दातानं फोडली,
"कोंबडा!" "कोंबडी!"
गोठलेल्याचं तसं लगेच कळत नाही,
दाताला कळ येते,
मग हळूहळू आतला लाल सुटतो.

उरलेली मी सातव्या पिशवीत घातली.
वजन केलं नाही.
चिकटपट्टीवर लिहिलं: शीग.
महादेवीनं अक्षर लावून वाचलं.
"मामा, हे काय? कानडीत काय म्हणायचं?"
खात्यात सगळा पत्रव्यवहार कानडीतच झाला माझा,
पण हा शब्द कधी लागला नव्हता.
मी दोन्ही तळवे जवळ आणले,
वर जेवढं मावत नाही तेवढं
हवेत दाखवलं.

"हां," ती म्हणाली,
आणि पिशवी दारातल्या कप्प्यात ठेवली,
सगळ्यांत आधी हाताला लागेल अशी.