पोच

दर गुरुवारी, साडेपाचनंतर,
पालिकेच्या शाळेत, तिसरी ब-च्या वर्गात
कायद्याचा सल्ला फुकट मिळतो, असं रेशनवाला म्हणाला.
बाक एवढासा. गुडघे हनुवटीला.
फळ्यावर सातचा पाढा, त्रेसष्टवर थांबलेला.

बिजापुरे वकीलबाईंनी फुटाण्यांची पुडी पुढे सरकवली.
मी मोबाइलवर डाग दाखवला, मोरीच्या छतावरचा:
आधी बशीएवढा, मग ताटाएवढा, आता परात.
मग सात वर्षांचं सगळंच काढलं,
तिने भरदुपारी वर आपटलेला पाटा,
मी जिन्यात फिरवलेलं तोंड.

"लेखी दिलंत?"
नाही.
"तोंडी तरी?"
मी फुटाणा चावत राहिले.

त्या सांगत गेल्या, मी अर्ज लिहिला.
"दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची.
नाहीच दिली, तर सोसायटी, मग रजिस्ट्रार. पण आधी पोच."

कन्नमवार नगर. माझ्या दारापासून वर
सोळा पायऱ्या, पहिल्यांदाच मोजल्या.

सावेबाईंनी चष्मा आणला. उभ्यानेच वाचलं, दोनदा.
सही केली.
"तारीख राहिलीय," म्हणाल्या, आणि तीही घातली.

आत या, म्हणाल्या नाहीत.
पण मी खाली पोचेपर्यंत
जिन्यातला दिवा मालवला नाही.