हातचा

फादर सिल्वानस रोमहून परतले
ते चौसष्ट विधानांचा एक कागद घेऊन.
जेवणघरात आम्ही एकोणचाळीस जण,
हरमॅटनच्या धुळीनं राखाडलेले पांढरे झगे,
टेबलांना कालच्या पामतेलाचा वास.
"नाव घालू नका, फक्त क्रमांक," ते म्हणाले.
"आणि खरं लिहा. देव काही हा कागद वाचणार नाही."
कुणीतरी हसलं. बहुतेक मीच.

विधान सातवं : माझं मन सहसा शांत असतं.
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे अगदी.
माझं नावच ओबिआजुलू,
म्हणजे काळीज निवलं.
दोन मुलं मातीत ठेवल्यावर आईला मी झालो.
निवलेलं काळीज तिचं होतं,
मी नुसता ते नाव उचलून फिरतो.
तीनवर खूण केली.

विधान बत्तिसावं : प्रार्थनेत देव जवळ असल्याचं जाणवतं.
पेन्सिल थांबली.
खिडकीबाहेर कुणी गवत कापत होतं,
कोयत्याची एकसारखी सपसप.
तीन.

शेजारी न्दुबुइसी,
जीभ दातांत धरून लिहिणारा,
तर्कशास्त्रात कच्चा, लॅटिनमध्ये त्याहून कच्चा.
म्हातारा आचारी तापला होता
तेव्हा रात्री दोनदा उठून त्याला पाणी पाजायचा,
आणि सकाळच्या ध्यानाला बसल्या बसल्या पेंगायचा.
त्याच्या अंगठ्याचं तेल कागदाच्या कोपऱ्यावर उमटलं.
त्याच्या लक्षात आलं नाही.
माझ्या आलं.

उपासकाळ निम्मा सरला आणि तो गेला.
एकुलता एक. बापानं कोलाचं फळ फोडून
एवढंच विचारलं होतं म्हणे,
उद्या अंगणात गवत माजलं तर कापायला कोण?
पण मी बापासाठी जात नाहीये, तो म्हणाला.
मग कशासाठी, ते मी विचारलं नाही.
मोटरसायकलच्या मागं पत्र्याची पेटी बांधली,
झगा घडी करून पलंगावर ठेवला
आणि बादली मला दिली,
निळी, कडीला तार गुंडाळलेली.
"गळते थोडी. वाकडी धर."

माझी आई ओनित्शाच्या बाजारात सुकी मासळी विकते.
बेरीज मला तिनंच शिकवली :
हातचा बोटात मिटून धरायचा,
गिऱ्हाईक कितीही बोललं तरी बोट उघडायचं नाही.
म्हणून फादरनी बेरजा माझ्याकडे सोपवल्या.
जगण्याच्या अर्थाची वीस विधानं, जास्तीत जास्त शंभर.
माझे साठ.
तीनाचा पाढा म्हणावा तसे.
आणि तेलाच्या अंगठ्याचे ब्याण्णव,
एकोणचाळिसांत सगळ्यात वर.

"हातचा धरलास ना?"
धरला, फादर.
"खालून वर कर."
केली. ब्याण्णव.
त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.
"कोण असेल हा मुलगा? त्याला जपलं पाहिजे."
कागदावर नाव नव्हतं.
नियम त्यांचाच होता.
मी पुढचा कागद ओढला.

या गोष्टीला तीन वर्षं झाली.
न्दुबुइसी कुठंतरी ट्रकचे टायर बदलतो,
मुलगी झाली त्याला, असं कुणी सांगतं,
कुणी म्हणतं, नाही, अजून एकटाच आहे.
उरलेले चाळीस गेले कुठं,
हे मला कुणी विचारलं नाही.
हातचं राखून लिहिलं होतं मी.
कुणासाठी राखलं,
त्याचं विधान त्या चौसष्टांत नव्हतं.

आज पहाटे बोअरवर बादली भरली, वाकडी धरली,
तरी खोलीपर्यंत थेंबांची ओळ आलीच.
धूळ इतकी कोरडी
की थेंब पडून भिजत नाहीत आधी,
नुसते गोल होऊन थांबतात.

उद्या फरशीवर पालथं पडायचं आहे, कपाळ टेकून.
त्याआधी बिशप हाक मारतील, काळीज निवलं,
आणि मला म्हणायचं आहे, हजर.
पहिल्या बाकावर आई असेल,
नवा डोक्याचा रुमाल, हातांना मासळीचा वास.
मी मान वळवून बघणार नाही.
पण मला ठाऊक आहे,
तिच्या डाव्या हाताची दोन बोटं
मिटलेली असतील.