कडेनंतरची उडी

दत्त नगरात गज्जमच्या दुकानात तीन टीव्ही होते.
दोन रुपयांत पंधरा मिनिटं.
काडतूस अडकलं की फुंकर मारायची,
सगळ्यांच्या ओठांवर तीच चव :
तांबं, धूळ, कुणाची तरी शेंगाचटणी.
पाचव्या पातळीवरच्या वटवाघळानं
माझे किती रुपये खाल्ले, नायनाला कळतं तर
त्यानं बॉबीनच फेकून मारली असती.

आता तेजस्विनीच्या लॅपटॉपवर तसलाच खेळ.
चौकोनी माणूस, चौकोनी तलवार,
सोळा रंगांत भागवलेलं आभाळ.
"पप्पा, हा मागच्या वर्षी आला. दोघांनीच केलाय, घरात बसून."
मग जुना का दिसतो?
"तुम्हाला आठवतो तसा दिसतो."

खरंय. खरे जुने मी परवा लावून बघितले.
अडखळतात. बटण दाबलं की उडी
विचार करून येते.
हा तसा नाही बे, हा बोटातच राहतो.
मेलो तर माझ्या चुकीनं मेलो,
आणि पापणी लवायच्या आत
पुन्हा त्याच दारात उभा.

नायना चादरीचे नक्षे काढायचा.
बारीक चौकटीच्या कागदावर
एक घर लाल, दोन रिकामी, एक लाल.
मोराची मान कधी गोल झाली नाही,
पायऱ्यापायऱ्यांनी वळायची;
खाटेवर चादर पसरली, चार पावलं मागं सरलं
की मोर.
तो कागद पोरीला दाखवला.
ती बराच वेळ घरं मोजत बसली.

मग तिनं एक गुपित सांगितलं :
कडेवरून पाय सुटला
तरी सहा फ्रेम खेळ तुम्हाला जमिनीवरच धरतो.
डोळ्याला दिसत नाही. तेवढ्यात उडी मारली
तर ती मान्य.

सहा फ्रेम! मी म्हटलं, आमच्या वेळी
कोण देत होतं?
माग किलोच्या भावानं गेले त्या आठवड्यात
नायनाला कुणी
आणि तिथंच अडलो, कारण आठवलं :
लाइट गेली की गज्जम
पाटीवर खडूनं उरलेली मिनिटं लिहायचा,
नावासकट. दुसऱ्या दिवशी सात असतील तर
नऊ खेळू द्यायचा,
मग खांद्यावर टपली, "लेवरा, टाइम झाला."

रात्रीचा दीड. एप्रिल. पंखा गरम हवाच ढवळतोय.
मागच्या गल्लीत कुणाचे तरी माग अजून चालू,
खटक् खट, खटक् खट,
त्या ठेक्यावर उडी बरोबर बसते, हे मी
तेजस्विनीला सांगितलेलं नाही.
वटवाघूळ इथंही आहे.
चौतीस वेळा मेलो.
कडेपाशी येतो, थांबत नाही,
पाय सुटू देतो,
आणि मग दाबतो.