तीन मिनिटं

गोखलेनगरच्या बाजूनं वेताळ टेकडी चढलं की
दुसऱ्या वळणावर सिमेंटचा बाक आहे.
तिथवर छबू माझं कोपर धरते,
मग सोडते.

माझ्या पिशवीत कार्ड आहे:
हेमलता ढमढेरे. खाली मुलाचा नंबर.
तो मला पाठ नाही.
मला! जिनं बत्तीस वर्षं
एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून
सातारा, बार्शी, श्रीगोंदा
ज्याचं त्याला जोडून दिलं.
बार्शीच्या अडत दुकानाचा आजही सांगेन,
दोन-आठ-एक.
सकाळी काय खाल्लं ते छबूला विचारा.

घरी सगळे मोठ्यानं बोलतात,
तोडून तोडून,
जशी मी लांबच्या गावाला आहे.
‘आई, मी कोण? सांग बरं.’
चेहरा ओळखीचाच असतो.
वायर हातात असते, भोक सापडत नाही.
मग तो ओशाळतो. मग मी.

इथे गणेर फुललाय.
नाव कुठून आलं कोण जाणे, आलं.
अंगावर एक पान नाही,
नुसती पिवळीधमक फुलं, वाटीएवढी,
आणि खाली मातीतही तीच सांडलेली.
छबू म्हणते, कालही फुलला होता,
कालही तुम्ही अशाच ‘अगंबाई’ म्हणालात.
म्हटलं असेल.
मला तर आजच दिसला.

मघाशी मी तिला मालतीबाई म्हटलं.
मालतीबाई रात्रपाळीला माझ्या शेजारी बसायच्या,
डब्यात नेहमी मेथीची भाजी.
छबू ‘ओ’ म्हणाली
आणि संत्रं सोलत राहिली.

खाणीच्या अंगाला तांबट बोलतोय,
टुक टुक टुक टुक,
एकाच लयीत, दम न खाता.
एंगेज टोन!
मला हसूच फुटतं.
या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत,
कृपया थोड्या वेळानं...
असू द्या हो. घाई कुणाला आहे?
माझा कुठलाच कॉल लागायचा नाहीये.

ऊन चपलांपाशी होतं,
आता गुडघ्यावर आलंय.
हातांना संत्र्याचा वास. कुणी दिलं?
गोड होतं.

‘उठायचं का, आजी?’
पूर्वी हे मी विचारायचे,
लोकांच्या बोलण्यात मध्येच शिरून,
कुणी रडत असलं तरी:
तीन मिनिटं झाली. वाढवू का?

वाढव, म्हणते मी.